वर्षभर टिकणारा चेंडू

लाओ दुआन बायकोला भीत असे. ती गेल्यावर ही भीती हळूहळू कमी होईल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. पूर्वी ती कुठल्या खोलीत आहे ते कळायचं, म्हणून निदान दुसऱ्या खोलीत तरी निर्धास्त बसता यायचं. आता ती नक्की कुठे आहे हेच कळत नव्हतं.

त्याची बायको पेईफेन वूशी शहरातल्या एका कापड गिरणीत कामाला होती आणि गिरणीच्या बायकांच्या टेबल टेनिस संघाची कप्तान होती. गिरणी बंद पडली, संघ मोडला, पण तिचा हात तसाच राहिला. रोज सकाळी वसाहतीच्या खेळाच्या खोलीत ती नवऱ्याला हरवायची, मग भाजी आणायला जायची. लाओ दुआननं सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे केलेली. समोरून आलेली वस्तू शांतपणे घ्यायची, शिक्का मारायचा आणि बाजूला ठेवायची, एवढं त्याला जमत असे. पेईफेनची सर्व्हिस शिक्का मारायला थांबत नसे.

पण तिची खरी नाराजी त्याच्या खेळावर नव्हती, खरेदीवर होती. त्यानं आणलेल्या थर्मासमध्ये पाणी उघड्या पातेल्यापेक्षा लवकर गार व्हायचं. त्यानं आणलेली छत्री घरात उघडायची, पावसात नाही. "लाओ दुआन," ती म्हणायची, "दुकानदार तुला लांबून ओळखतात. तू दिसलास की मागच्या खोलीतून माल काढतात."

शरद ऋतूत ती गेली. त्याच सुमाराला सेल्युलॉइडचे जुने चेंडू दुकानांतून नाहीसे झाले आणि प्लॅस्टिकचे आले. सगळ्या जगासाठी नियम बदलला होता. लाओ दुआनला त्याचं काही नव्हतं. ती गेल्यापासून तो खेळाच्या खोलीकडे फिरकलाच नव्हता.

मग नव्या वर्षाचे फटाके वाजून संपल्यावर एका दुपारी, जेवून खुर्चीत डुलकी लागलेली असताना, पेईफेन त्याच्या स्वप्नात आली. हातात बॅट होती. कपाळावर आठ्या होत्या.

"इथे पण नियम बदललेत," ती म्हणाली. "सगळे प्लॅस्टिकच्या चेंडूनं खेळतात. माझ्याकडे नाही म्हणून मला कुणी घेत नाही. एक पाठव. आणि हे बघ, चांगला पाठव. तुझ्या नेहमीसारखा नको."

एवढं बोलून ती गेली. तब्येत कशी आहे, जेवतोस का, काही विचारलं नाही. लाओ दुआन घामाघूम होऊन उठला.

आपल्या माणसाला तिकडे काही पाठवायचं तर छिंगमिंगच्या दिवशी, म्हणजे पितरांच्या दिवशी, जाळून पाठवायचं. काही लोक सातव्या महिन्यातही पाठवतात, पण पेईफेनला गर्दीचे दिवस आवडत नसत. म्हणजे छिंगमिंग चुकला तर पुढच्या छिंगमिंगपर्यंत थांबायचं. आणि इथेच लाओ दुआनची खरी काळजी सुरू झाली. समजा, त्यानं चेंडू पाठवला आणि तो आठवड्यात फुटला. बदलून आणायची सोय नाही. वर्षभर पेईफेन हातात फुटका चेंडू घेऊन तिकडच्या खेळाच्या खोलीत बाकावर बसणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलेल्या माणसाला सांगणार, "माझ्या नवऱ्यानं पाठवलाय." मग ती पुन्हा स्वप्नात येणार नाही. ती येऊन रागावेल याची त्याला भीती वाटत होतीच, पण ती येणारच नाही ही भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी तो लाओ मंगकडे गेला. लाओ मंग त्याचा जुना सोबती; दोघांच्या नावापुढचं 'लाओ' म्हणजे म्हातारबुवा. वसाहतीत कुणाचंही काहीही बिघडलं की मत देण्यासाठी तो पायजम्यातच हजर व्हायचा. लाओ दुआननं स्वप्नाचा विषय काढला नाही. कोणता चेंडू टिकतो, एवढंच विचारलं.

"टिकतो?" लाओ मंग हसला. "अरे, टिकायचे ते सेल्युलॉइडचे. ही प्लॅस्टिकची अवलाद कागदी कंदिलासारखी. माझे शिवणीवर फुटले. तरी तुला सांगतो, चेपला तर गरम पाण्याच्या मगात टाक. फुगतो."

"आणि तडा गेला तर?"

"मग त्या मगात चहा कर आणि चेंडू विसर. बाकी बिनशिवणीचे आलेत म्हणे. लोक म्हणतात, दगड आहेत दगड. मी घेतले नाहीत. मला दगडानं खेळायचं नाही. पण तू का विचारतोस? तू तर खेळत नाहीस आता."

"सहज," लाओ दुआन म्हणाला आणि घाईनं निघाला. पोस्टाच्या खिडकीमागे असताना त्याला खोटं बोलायची सवय लागली नव्हती, त्यामुळे खोटं बोलल्यावर तिथे थांबणं त्याला जमत नसे.

मुलीला फोन केला. ती शेंचेनला असते. "बाबा, फोनवरून मागवते. सगळ्यात महागडे घेते," ती म्हणाली. आणि लगेच, "पुन्हा खेळायला लागलात? बरं झालं." तिच्या आवाजातला आनंद ऐकून लाओ दुआनला आणखी अपराध्यासारखं वाटलं.

पाकिटं आली. लाल खोक्यातले, हिरव्या खोक्यातले, निळ्या खोक्यातले, काही शिवणीचे, काही बिनशिवणीचे. प्रत्येक खोक्यावर तारे होते. तारे म्हणजे दर्जा, असं सगळे म्हणतात. पण त्यानं पोस्टात आयुष्य काढलं होतं. पाकिटावर छापलेलं आणि पाकिटात असलेलं यांत किती अंतर असतं ते त्याला माहीत होतं. चाचणी घ्यायलाच हवी होती.

चाचणीसाठी त्यानं दुपारच्या झोपेची वेळ निवडली. त्या वेळी आख्खी वसाहत पांघरूण घेऊन पडलेली असते, त्यामुळे आपला वेडेपणा कुणाच्या नजरेला पडणार नाही असा त्याचा हिशेब होता. लोक त्या वेळी झोपलेले असतात, बहिरे झालेले नसतात, ही गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली नाही.

आधी त्यानं प्रत्येक चेंडू टेबलाच्या काचेवर भोवऱ्यासारखा फिरवला. पेईफेन असंच करायची. जो डोलतो तो नापास. हिरव्या खोक्यातले जवळजवळ सगळे दारू प्यायल्यासारखे डोलले. मग अंगठ्यानं शिवण दाबून बघितली. मग खुर्चीवर उभं राहून वरून टाकले. खुर्चीवर उभं राहिल्यावर तोल जाऊ लागला, म्हणून एका हातानं कपाट धरून दुसऱ्यानं टाकले. मग बॅट घेऊन मधल्या बोळात भिंतीवर मारायला लागला. टक, टक, टक. बऱ्याच महिन्यांनी हातात बॅट आली होती. हात आपोआप चालत होता आणि तो मोठ्यानं बोलत होता, "हा लालवाला बरा आहे, पेईफेन. बघ. अजून आहे." तेवढ्यात लालवाला फुटला. त्याचा आवाज बदलला, टकचा टप झाला. लाओ दुआननं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. तरी त्यानं फुटका चेंडू पटकन खिशात घातला.

असं बरेच दिवस चाललं. लालवाले गेले, हिरवे गेले. निळ्या खोक्यातला बिनशिवणीचा चेंडू तेवढा रोज भिंतीवर जाऊन पुन्हा तसाच परत येत होता.

एका सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या छूताई. वयानं त्याच्याहून मोठ्या, पेईफेनच्या जुन्या मैत्रीण आणि गिरणीतल्या सोबतीण. चेहरा पांढराफटक. त्या उंबरठ्याच्या बाहेरच थांबल्या.

"लाओ दुआन, आत कुणी आहे का?"

"मी आहे."

"तू नव्हे रे." त्यांनी आवाज खाली आणला. "पेईफेन आली आहे. रोज दुपारी. माझ्या डोक्यावर खेळते. टक, टक, टक. तिचाच हात आहे, मी काय ओळखत नाही का? मध्ये बोलण्याचाही आवाज येतो. आणि एकदम टप होतं आणि सगळं शांत. मी पांघरुणात तोंड घालून पडते."

लाओ दुआनच्या ओठावर आलं होतं, की छूताई, तो मी. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. बायकोला पाठवायला चेंडू निवडतोय, हे छूताईंना सांगणं म्हणजे वसाहतीच्या फलकावर लिहिणं. तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा छूताईंनी सोयीचा अर्थ घेतला.

"म्हणजे तुला पण ऐकू येतं!"

"अधूनमधून," लाओ दुआन म्हणाला. हे निदान खोटं नव्हतं.

"आणि मंगळवारी तर कहर. तू बाजारात होतास, मी स्वतः खिडकीतून तुला जाताना बघितलं. आणि वर टक, टक, टक, टक! एकामागून एक!"

मंगळवारी लाओ दुआन खरंच बाजारात होता. छूताई गेल्यावर त्यानं सगळ्या खोल्या बघितल्या, पलंगाखाली बघितलं. त्याला आठवलं, मंगळवारी परत आल्यावर टोपलीतले चेंडू जमिनीवर पसरलेले होते. गच्चीची खिडकी उघडी होती. वाऱ्यानं टोपली कलंडली असणार. बहुतेक. मंगळवारी वारा होता का हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला आणि मग मुद्दामच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर पीचच्या झाडाची डहाळी बांधलेली होती. लाल दोरीनं, घट्ट. पीचची डहाळी दारावर असली की गेलेलं माणूस उंबरठा ओलांडत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पेईफेन स्वप्नात येणार असली तरी दारातूनच येणार ना? खिडकीतून येणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यानं इकडे तिकडे बघून डहाळी सोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी नवी डहाळी. तीही त्यानं काढली. दुसऱ्या दिवशी डहाळी आणखी जाड, सोबत भुताला परतवणारा गोल आरसा. मग जिन्यात छूताईंची गाठ पडली.

"लाओ दुआन, तिची ताकद बघितलीस? डहाळ्या उपटून फेकते आहे!"

"छूताई, कशाला बांधता? येऊ दे ना तिला."

"तुला कळतंय का काय बोलतोस?" छूताईंनी कठड्याला घट्ट धरलं. "ती काय पाहुणी आहे? आज टक टक करते, उद्या तुला सोबत घेऊन जाईल. गिरणीत असताना तिला कधी कुणी नाही म्हटलेलं मी बघितलं नाही. तुझी काय हिंमत होणार?"

हे खरं होतं, त्यामुळे लाओ दुआनला फारच लागलं. त्या रात्रीपासून झोपताना तो दार किलकिलं ठेवू लागला, आणि दार किलकिलं आहे या भीतीनं त्याला झोप लागेना.

चोराच्या आणि बायकोच्या विचारानं तो असा अर्धमेला झालेला असताना त्याला अगदी मूलभूत प्रश्न सुचला. हा चेंडू जळतो का?

जुना सेल्युलॉइडचा चेंडू काडी लावली की भक्कन पेटून नाहीसा व्हायचा. राखसुद्धा राहत नसे. पाठवायला याच्याइतकी सोयीची वस्तू नव्हती. प्लॅस्टिकचं काय? त्यानं गच्चीत जुनी कढई ठेवली, फुटका लाल चेंडू घेतला आणि काडी ओढली. चेंडू पेटला नाही. आधी तो रुसल्यासारखा एका बाजूला खचला, मग काळा पडला, मग त्यातून असा धूर निघाला की समोरच्या इमारतीतल्या बायका वाळत घातलेले कपडे ओढून आत पळाल्या. "आग! आग!" कुणीतरी ओरडलं. थोड्याच वेळात जिन्यात पावलं धडधडली. वस्ती समितीच्या प्रमुख थाओबाई पुढे, हातात आग विझवायचं नळकांडं, मागे दंडाला लाल पट्ट्या बांधलेले स्वयंसेवक, आणि सगळ्यांच्या मागे पायजम्यात लाओ मंग.

"दुआनकाका!" थाओबाई दमल्या होत्या. "वसाहतीत पितरांसाठी कागद जाळायला बंदी आहे हे माहीत आहे ना? यंदा सुसंस्कृत छिंगमिंगची मोहीम आहे. फुलं वाहायची, जाळायचं नाही. काय जाळत होतात?"

लाओ दुआननं कढईत बघितलं. कढईच्या बुडाला काळा गोळा चिकटून बसला होता.

"चेंडू," तो म्हणाला.

"चेंडू? का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. लाओ दुआनचे कान गरम झाले. अंधश्रद्धा म्हणून नाव फलकावर लागलं असतं. मुलीला कळलं असतं. "चाचणी," त्याच्या तोंडून निघालं. "प्लॅस्टिकच्या चेंडूंची. कोणता डोलतो, कोणता टिकतो, तापवल्यावर काय होतं. तुलना करतोय."

मग थाओबाईंचा चेहरा असा उजळला की लाओ दुआन एक पाऊल मागे सरला.

"काका! म्हणजे हे विज्ञान आहे!"

"आहे का?" लाओ दुआननं घाबरून विचारलं.

"ज्येष्ठ नागरिकांच्या विज्ञान उपक्रमात आपल्या वसाहतीचं एकही नाव नाही. वरून सारखी विचारणा होते. गुरुवारी तुम्ही भाषण द्यायचं. 'चेंडू कसा निवडावा.' थोडक्यात. पण दुआनकाका, गच्चीत जाळायचं नाही. विज्ञानसुद्धा नाही."

लाओ मंग जाता जाता कानाशी येऊन म्हणाला, "सहज, नाही का?"

गुरुवारी खेळाच्या खोलीत लाओ दुआन टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. पेईफेन ज्या टोकाला उभी राहायची ते टाळून दुसऱ्या. समोर खुर्च्यांवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले लोक. तो कापऱ्या आवाजात म्हणाला, की चेंडू आधी फिरवून बघावा, शिवण दाबून बघावी, ताऱ्यांवर विश्वास ठेवू नये, आणि निळ्या खोक्यातला बिनशिवणीचा सगळ्यात टिकाऊ. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेतून छूताईंनी हात वर केला.

"भुतं ज्या चेंडूनं खेळतात तो कुठल्या खोक्यातला?"

थाओबाईंनी तो प्रश्न नोंदवून घेतला नाही.

अशा रीतीनं चेंडू ठरला. पण तो जळत नव्हता. परवानगी नसताना त्यानं नदीकाठी जाऊन एक निळा चेंडू जाळूनही बघितला. तो तर इतर सगळ्यांपेक्षा हट्टी. चांगला टिकाऊ म्हणजे काय असतं, ते लाओ दुआनला तिथे धुरात खोकताना कळलं. जो वर्षभर टिकेल तो जाणार नाही, आणि जो सहज जाईल तो टिकणार नाही.

पितरांसाठी कागदी वस्तू विकणाऱ्या दुकानात त्यानं विचारून बघितलं. कागदी बंगला होता, कागदी मोटार होती, कागदी फोन चार्जरसकट होता.

"टेबल टेनिसचा चेंडू?" दुकानदार विचारात पडला. "फुटबॉल आहे."

"ती फुटबॉल खेळत नाही."

"अहो, नेऊन तर बघा. वर गेल्यावर माणसाला वेळ असतो. नवीन काही शिकेल."

पेईफेनला फुटबॉल पाठवल्यावर काय होईल याचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि लाओ दुआन दुकानातून जवळजवळ पळाला. छिंगमिंग अगदी तोंडावर आला होता. शेवटी त्यानं ठरवलं, की स्मशानभूमीत पितरांच्या वस्तू जाळायची मोठी भट्टी असते, तिच्यात टाकायचा. तिथली आग गच्चीतल्या काडीसारखी नसते. तिथे गपगुमान जाईल.

छिंगमिंगच्या सकाळी बसथांब्यावर छूताई आधीच उभ्या. "मी येणार," त्या म्हणाल्या. "तिच्याशी मी स्वतः बोलते. तू काय बोलणार? तू नुसता हो हो करशील." त्यांच्या हातात छत्री होती आणि डबा होता. डब्यात छिंगमिंगचे हिरवे तांदळाचे गोळे, आत लाल चवळीचं गोड सारण. पेईफेनला फार आवडायचे.

टेकडीच्या पायथ्याशी फाटकावर रखवालदार प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. मोठ्यानं ओरडत होता, "प्लॅस्टिक नाही! फटाके नाहीत! भट्टीत फक्त कागद!" लाओ दुआनच्या कोटाच्या खिशात चेंडू होता आणि त्या खिशाला सगळं जग बघतंय असं त्याला वाटत होतं. रांग पुढे सरकू लागली. ऐनवेळी त्याचा धीर सुटला. त्यानं छूताईंच्या डब्याचं झाकण उचललं आणि चेंडू गोळ्यांच्या मधोमध दाबून बसवला. छूताईंनी ते बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. पण तोवर रखवालदार समोर होता.

त्यानं डबा उघडला. हिरव्या गोळ्यांच्या मधोमध एक पांढराशुभ्र गोळा.

"हे काय?"

लाओ दुआन आपल्या बुटांकडे बघू लागला.

"बिनसारणाचा," छूताई म्हणाल्या. "गेलेल्या बाईला साखरेचा त्रास होता."

रखवालदारानं मान हलवली आणि झाकण लावून दिलं.

छूताई डबा छातीशी धरून पायऱ्या चढल्या. पेईफेनच्या कबरीचा दगड टेकडीच्या वरच्या ओळीत होता. खाली उतरणीवर ओळीमागून ओळी, प्रत्येक दगडापुढे माणसं, फुलं, उदबत्त्या. छूताईंनी गोळे मांडले. लाओ दुआननं चेंडू उचलून चिकट तांदूळ पुसला आणि दगडाच्या पायथ्याशी क्षणभर ठेवला. भट्टीत टाकायच्या आधी तिला दाखवावा, एवढंच. दाखवल्याशिवाय वस्तू पुढे न्यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

"पेईफेन," छूताई वाकून नमस्कार करत म्हणाल्या, "तू माझी मैत्रीण होतीस, पण माझ्या डोक्यावर खेळणं बंद कर." आणि दुसऱ्यांदा वाकताना त्यांच्या काखेतल्या छत्रीचं टोक चेंडूला लागलं.

चेंडू पायरीवर पडला. टक. खालच्या पायरीवर. टक. मग आणखी खाली, टक, टक, टक, टक. सगळी टेकडी शांत होती, त्यामुळे तो आवाज भलताच मोठा वाटत होता. ओळींमधली माणसं माना वर करून बघू लागली. छूताई वाकलेल्याच राहिल्या. मग हळूहळू ताठ झाल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज!" त्यांनी लाओ दुआनकडे बघितलं. "म्हणजे दुपारी तो तू होतास?"

लाओ दुआननं मान खाली घातली.

"महिनाभर! महिनाभर मी पांघरुणात घाम गाळला! पीचच्या डहाळीसाठी माझ्या भाच्याला त्याच्या साहेबाच्या बागेत चोरी करायला लावली! आणि तू दारात उभा राहून म्हणतोस, अधूनमधून ऐकू येतं?"

"छूताई, चेंडू," लाओ दुआन म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला.

गुडघे वाजत होते. मागून छूताई शिव्या देत उतरत होत्या, पण उतरत होत्या. दोघांनी एकेक ओळ बघितली. फुलदाण्यांच्या मागे बघितलं, उदबत्त्यांच्या पेल्यांत बघितलं, अनोळखी लोकांना म्हटलं, माफ करा, जरा पाय उचलता का. चेंडू नव्हता. मग लाओ दुआनच्या लक्षात आलं आणि तो मटकन पायरीवर बसला.

"नाव घातलं नाही मी त्यावर."

छूताईंच्या शिव्या थांबल्या. पाठवायच्या प्रत्येक पुडीवर घेणाऱ्याचं नाव लिहायचं, हे कुणी सांगावं लागत नाही. नाहीतर ज्याच्या हाती लागेल त्याचं. आख्खं आयुष्य पत्ता नसलेली पाकिटं परत पाठवणाऱ्या माणसानं चेंडूवर नाव घातलं नव्हतं. इथे दगड इतके होते की मोजायची सोय नाही, आणि प्रत्येक दगडाखाली कुणी ना कुणी होतं.

"दुसरा आहे का?" छूताईंनी विचारलं.

"नाही. बाकीचे मी जाळले. फोडले."

छूताई त्याच्या शेजारी बसल्या. "आधी सांगितलं असतंस तर मी काय हसले असते?" त्या म्हणाल्या. मग विचार करून, "हसले असते म्हणा."

परतीच्या बसला गर्दी होती. छूताईंनी भांडून खिडकीजवळची जागा मिळवली आणि त्याला तिथे बसवलं. उन्हानं, चढ-उतारानं आणि धास्तीनं त्याचं डोकं काचेला टेकलं.

पेईफेन समोर उभी होती. बाह्या वर केलेल्या, मानेवर घाम. संतापलेली. लाओ दुआनला भीती वाटली, तीच जुनी, ओळखीची. आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला.

"नाव घालता येत नव्हतं?" ती म्हणाली. "खालच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन पडला. तो म्हणतो, माझ्या अंगणात आला, माझा. भांडून भांडून माझा घसा बसला."

"फुटला का?"

"नाही." तिनं मानेवरचा घाम पुसला. "बरा आहे चेंडू."

लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं आणलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल ती हे बोलली नव्हती. "आणि खेळतेस कुणाशी?" त्यानं विचारलं.

"त्याच्याशीच. तुझ्यापेक्षा चांगला खेळतो."

"कोण आहे तो? काय काम करायचा?"

"तुला कशाला चौकशा?"

"नाही, म्हणजे मी..." लाओ दुआन म्हणाला आणि आपण काय विचारायला निघालोय ते कळून त्याची जीभ अडखळली. गेलेल्या माणसाला हे विचारू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शब्द तोंडातून निघालेच. "मी आलो तर?"

पेईफेननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पूर्वी बाजारातून आलेल्या त्याच्या पिशवीकडे बघायची तसं.

"तू इतक्यात नको," ती म्हणाली. "बॅकहँड बघितलीस का स्वतःची? चार लोकांत मला मान खाली घालायला लावशील. आधी तिथे सराव कर."

"किती दिवस लागतील?"

"तुला?" ती म्हणाली. "तुला बरीच वर्षं लागतील."

बसनं करकचून ब्रेक मारला. लाओ दुआनचं डोकं काचेवर आपटलं आणि तो जागा झाला. छूताई त्याच्याकडे बघत होत्या.

"काय झालं रे? डोळे का पुसतोस?"

"माझी बॅकहँड वाईट आहे म्हणाली."

कोण म्हणाली, ते छूताईंनी विचारलं नाही. त्यांनी मांडीवरचा डबा उघडला, उरलेला एक हिरवा गोळा त्याच्या हातात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाईट आहेच. सगळ्या वसाहतीला माहीत आहे."